'अजून' ही शिवी आहे

फेब्रुवारीची सत्तावीस तारीख. सकाळी ताकातल्या मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या. इथं चेन्नईकडे त्यांना मोर-मिळगाय म्हणतात. मिरची चिरायची, मीठ घातलेल्या ताकात रात्रभर बुडवायची, दिवसा ऊन, संध्याकाळी परत त्याच ताकात. ताक आटेपर्यंत हेच. वर जुनी साडी झाकली, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि आवडी स्टेशनवरून अंबत्तूरला जाणारी लोकल पकडली.

ऑफिसात त्या दिवशी मराठी भाषा दिन होता.

आमचं ऑफिस वसुलीचं. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या थकलेल्या कर्जांची यादी पाठवतात आणि आमची मुलं फोन लावतात. चेन्नईत बसून महाराष्ट्रात. मुलं साताऱ्याची, नांदेडची, अकोल्याची. त्या दिवशी ती झब्बे घालून आली होती. दोघी-तिघींनी नथी घातल्या होत्या. श्रीपेरुंबुदूरजवळच्या एका मराठी खानावळीतून पुरणपोळ्या आल्या होत्या. मॅनेजर पुण्याचा, तिशीच्या आतबाहेरचा. त्यानं टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"आता आपल्या काकू बोलतील. काकू तंजावरच्या. ओरिजिनल मराठी! साडेतीनशे वर्षं डबाबंद!"

मी नको म्हटलं.

"बोला हो काकू, दोनच वाक्यं."

मी उभी राहिले. घरी बोलतो तसंच बोलले. दुसरं कसं बोलणार?

"अवघे आलांत, मला संतोष झाला."

मग मागून एक आवाज आला, "संतोष झाला? अहो काकू, अभिनंदन! बारसं कधी?"

"पेढे आणा रे, मुलगा आहे!"

सगळा मजला हसला. मॅनेजर टेबलावर हात आपटून हसला. डोळे पुसत म्हणाला, "काकू, तुम्ही ग्रेट आहात."

आमच्या घरात संतोष म्हणजे आनंद. तमिळमध्येही तेच. मला मूल नाही. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी हसले असते असं मी म्हणणार नाही. मी पुरणपोळी घेतली आणि जागेवर येऊन खाल्ली. गोड होती.

मी इथं फोन करत नाही. मी ऐकते. वसुलीचा प्रत्येक फोन रेकॉर्ड करायचा, भाषा सभ्य ठेवायची, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, कर्जदाराची बेअब्रू करायची नाही, असे नियम बँकांवर आहेत. बँकेनं माणूस बाहेरून नेमला तरी त्याच्या बोलण्याची जबाबदारी बँकेचीच. म्हणून बँकेला पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे आम्ही. तमिळ फोन विजी ऐकते, मराठी मी. ऐकायचं आणि पडद्यावर हिरवं किंवा लाल दाबायचं. हिरवं म्हणजे सभ्य.

आधी एक यंत्र ऐकतं. त्याच्याकडे शिव्यांची यादी आहे. यादीतला शब्द सापडला नाही की ते स्वतःच हिरवं करतं. मग आम्ही त्याखाली आपलं नाव घालायचं. नियमात यंत्र चालत नाही, माणूस लागतो.

"आपण कान भाड्यानं दिलेत, अक्का," विजी म्हणते. "तोंड कुणी मागितलंच नाही." विजीला दोन मुली आहेत. ती सगळं हिरवं करते.

ही नोकरी मला मराठीमुळे मिळाली. त्याआधी एका हिशेबनिसाकडे टायपिस्ट होते. नवऱ्याच्या आजारपणात ती सुटली. तो गेल्यावर ही धरली. लिपी लहानपणी वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली होती. पण आता हे जे मराठी मी लिहिते आहे, ते मी हेडफोनमधून शिकले. लोक मराठी कुठून कुठून शिकतात. मी वसुलीच्या फोनांतून शिकले. विनवणी कशी करतात, दटावतात कसं, खोटं बोलताना आवाज कुठं पातळ होतो. सगळं.

पुरणपोळी खाऊन हात धुतले आणि पुढचा फोन उघडला. त्यावर पिवळी खूण होती. म्हणजे तक्रारीचा. कर्जदार बाईनं बँकेकडे लेखी तक्रार केली होती की वसुलीच्या माणसानं माझा अपमान केला. बँकेनं ती आमच्याकडे धाडली होती. मी हिरवं केलं की तक्रार बंद. बाई बँकांच्या लोकपालाकडे गेली तरी बँक हेच हिरवं पुढे करणार. यंत्रानं हिरवं केलेलंच होतं. फक्त माझं नाव बाकी होतं.

मी ऐकलं.

फोन करणारा मुलगा निखिल. माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसतो. आवाज गोड. मला रोज विचारतो, काकू, डब्यात काय. बाई शाळेचे गणवेश शिवणारी. शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलेलं. नवरा अंथरुणाला खिळलेला. हप्ते थकलेले.

"वहिनी, जेवण झालं का?"

"व्हायचंय."

"दादा कसे आहेत?"

"तसेच आहेत."

मागं कुकरची शिट्टी झाली. निखिलनं ती संपेपर्यंत वाट पाहिली. मग अगदी हळू, घरच्यासारखं विचारलं,

"मंगळसूत्र आहे ना गळ्यात अजून?"

बाई गप्प. मग म्हणाली, "आहे."

"मग आहे तोवर उपयोग करून घ्या की."

फोन तिनं ठेवला नाही. त्यानंच ठेवला. "नमस्कार वहिनी" म्हणून.

मी हेडफोन काढला. परत लावला. परत ऐकलं. यादीतला एकही शब्द नाही. वहिनी म्हटलंय, दादा म्हटलंय, नमस्कार केलाय.

माझा नवरा अंबत्तूरच्याच एका कारखान्यात टूलरूमला होता. मूत्रपिंडं गेली. उपचारासाठी आम्ही एका फायनान्सकडून कर्ज काढलं. हप्ता चुकला की त्यांचा माणूस दारात यायचा. सभ्य माणूस. चपला बाहेर काढायचा. एकदा आला तेव्हा शेजारच्या बायका नळावर होत्या. तो दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "इन्नुम इरुक्कारा?"

अजून आहेत का?

आत खाटेवर नवरा जागा होता. त्यानं ऐकलं. मी म्हटलं, "इरुक्कार." आहेत. आणि त्या माणसाला ताक दिलं. तो पिऊन गेला. मी आत गेले तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "त्याला सांग, थोडं थांब म्हणावं." विनोद करत होता. त्याची ती सवय होती. पुढच्या महिन्यात गेला.

कर्ज मी फेडलं. सगळं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घेतलं ते द्यायचंच. पण 'इन्नुम' हा शब्द कुणी सहज जरी म्हटला, इन्नुम दोन इडल्या घाला, तरी मला ते दार दिसतं आणि नवऱ्याची पाठ दिसते.

मी लाल दाबलं. पण ते अजून पाठवलं नव्हतं, नुसती नोंद केली होती. चार वाजता मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. झब्ब्यावर पुरणाचा डाग होता.

"काकू, हा रेड का?"

"भाषा वाईट आहे, सर."

"कुठला शब्द?"

"अजून."

तो हसला. "अजून ही शिवी आहे?"

"तिचा नवरा अंथरुणाला आहे. तुम्हाला कळतंय, सर."

त्यानं हसणं थांबवलं. उठून काचेचं दार लावलं. परत बसला. हळू बोलला.

"कळतं हो. मला कळत नाही असं वाटलं का? माझी आई ऐकेल तर निखिलच्या कानाखाली वाजवेल. पण काकू, शब्दाला कॉलम आहे. अर्थाला कॉलम नाहीये. हा रेड गेला तर बँक आपलं काम काढून घेईल. ही सगळी पोरं घरी जातील. तुम्ही पण."

मी त्याच्या झब्ब्यावरच्या डागाकडे पाहत राहिले.

"आणि बँकेनं विचारलं, ऐकणाऱ्या बाईंना मराठी किती येतं, तर मी काय सांगू? सकाळी सगळ्यांनी पाहिलं ना. संतोष झाला!" त्याला परत हसू आलं, त्यानं ते दाबलं. "साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत हे वाईट असेल. आजच्यात चालतं. उद्या अकरापर्यंत ग्रीन करून नाव घाला. नाहीतर मराठीसाठी मला दुसरं कुणी बघावं लागेल."

मी बाहेर आले. तेव्हा मला सकाळचं हसू पहिल्यांदा लागलं. सकाळी वाटलं होतं, पोरं आहेत, हसली. आता दिसलं की ते हसू कामाला येतं. एकदा माणसाच्या भाषेला हसून घेतलं की पुढं त्या भाषेत तो काहीही सांगो, खरं धरायची गरज उरत नाही. त्या बाईला सांगतील, तुम्हाला राग लवकर येतो. मला सांगतील, तुम्हाला मराठी येत नाही. आणि आम्हा दोघींना, मॅनेजरला, निखिलला, सगळ्यांना शब्द कळलेला असेल.

विजीनं पाणी दिलं. "काय म्हणतो?"

सांगितलं.

"अक्का, वेण्डाम," ती म्हणाली. नको. "त्या बाईला तुम्ही कधी पाहिलंय का? ती तुमचं घरभाडं देणार आहे का? हिरवं करा, घरी जा."

ती वाईट नाही. तिचं बरोबर होतं. मला कुणाचा आधार नाही, घर भाड्याचं, वय पन्नाशीला टेकलेलं. दुसरी नोकरी कोण देतंय?

संध्याकाळी घरी आले. गच्चीवर साडीचा एक कोपरा सुटला होता, पण मिरच्या जागेवर होत्या. कडक झाल्या होत्या. त्या गोळा केल्या आणि परत ताकात टाकल्या. दिवसभर उन्हात वाळायचं आणि संध्याकाळी परत त्याच खारट पाण्यात. मी हे दर वर्षी करते, कधी विचार आला नव्हता. त्या दिवशी आला. मग भांड्यावर झाकण ठेवलं आणि भात लावला. नवऱ्याला या मिरच्या दहीभाताबरोबर लागायच्या. आता मी एकटीसाठी करते, म्हणून निम्म्याच.

जेवताना ती बाई आठवत होती. तिचं तोंड मला माहीत नाही. तिचं 'आहे' माहीत आहे. माझ्या 'इरुक्कार'सारखंच होतं. तोच आवाज. उत्तर द्यावं लागतंय म्हणून दिलेला. फरक इतकाच की तिनं नंतर बसून तक्रार लिहिली. मी ताक दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्या उन्हात घातल्या. या वेळी विटा दोन-दोन ठेवल्या. ऑफिसात गेले. तो फोन पहिल्यापासून परत ऐकला, चूक नको म्हणून. मग लाल दाबलं. खाली शेऱ्याचा रकाना असतो. तो इंग्रजीत भरायचा असतो आणि कुणी भरत नाही. मी तो देवनागरीत भरला. निखिलची दोन वाक्यं जशीच्या तशी. त्याखाली लिहिलं, 'कर्जदार बाईचा नवरा आजारी आहे हे विचारून घेऊन मग हे म्हटलं आहे. हे सभ्य नाही. मराठी माझी मातृभाषा आहे.' त्याखाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट.

पाठवलं. एकदा बँकेला गेलं की बदलता येत नाही. तो नियम त्यांचाच.

विजीनं माझ्या पडद्याकडे पाहिलं. "पोच्चु," म्हणाली. संपलं. आणि तिच्यातली अर्धी इडली माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

अकराच्या सुमारास मॅनेजर आला. पडदा पाहिला. ओरडला नाही.

"काकू, ह्यानं तिचं कर्ज माफ होणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"कर्ज तिचं आहे, ती फेडेल. हे बोलणं तिच्या कर्जात नाही."

निखिल मान वळवून बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली.

"घरी जा तुम्ही," मॅनेजर म्हणाला. "एचआर कळवेल."

"लेखी द्या. कारणाच्या जागी तो शब्द लिहा."

तो केबिनमध्ये गेला. काचेतून फोनवर बोलताना दिसत होता. बराच वेळ बोलत होता. मी इडली खाल्ली, हात धुतले, जागेवर येऊन बसले. कागद कुणी आणला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता.

"तुम्ही अजून इथंच?"

विजीनं मान खाली घातली.

"हो," मी म्हटलं. "अजून."

आणि हेडफोन लावून पुढचा फोन ऐकायला घेतला.