झाकणाचा गीझर

आमच्या कंपनीतले किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. दुपारी डबे उघडले की एकाला एक आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा, आणि भाजी तशीच राहून जेवणाची सुट्टी संपते!

अकोल्याच्या एमआयडीसीत आम्ही पाणी तापवायची उपकरणं बनवतो. मी सव्वीस वर्षं सर्व्हिसच्या टेबलावर फोन घेते. मध्यंतरी बाहेरची एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला निघाली. आमचे मालक, म्हणजे भाऊ, यांची एक सही झाली की आम्ही चाळीस माणसं त्यांची! त्यांनी आमचा 'कॉर्पोरेट इतिहास' मागवला. तोही एका पानात! मी लिहायला बसले आणि नको नको ते आठवायला लागलं.

* * *

भाऊ बाळापूरचे. लग्न झालं आणि त्यांनी अकोल्यात तांब्याचे बंब बनवायला घेतले. सासरे हादरले.

"जावईबापू, अकोल्यात पानी तापवाचा धंदा? इथं नळाले हात लावला त भाजते!"

भाऊ म्हणाले, "मामाजी, मे महिना काय बारा महिने रायते?"

* * *

एका नगरपालिकेची जाहिरात आली, 'एक बंब पाहिजे'. भाऊंनी लगेच कोटेशन धाडलं : शुद्ध तांबं, वीस लिटर, राखेचं भांडं फ्री!

तिकडून साहेबांचा फोन. "अहो, आम्हाला आग विझवायचा बंब हवाय!"

"मंग आमचा नाई जमनार साहेब," भाऊ शांतपणे म्हणाले. "आमच्या बंबात आग लावाच लागते!"

* * *

पुढे विजेचा गीझर आला. पहिला भाऊंनी हौसेनं बाळापूरला थोरल्या बहिणीकडे बसवला. पाच महिन्यांत बंद! आमचा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणीसुद्धा खारट. आत कॉइल दिसेना, नुसता पांढरा दगड.

ताई म्हणाल्या, "गीझर देल्ला का चुन्याची भट्टी?"

भाऊंना ते फार लागलं. त्यांनी विक्रीच थांबवली. बहिणीकडे टिकेल तो गीझर होईपर्यंत एकही नग बाहेर जाणार नाही म्हणाले. कितीतरी दिवस मला फोनवर नुसतं "नाही, नाही" म्हणायचं काम!

शेवटी तोड काढली रशीदचाचांनी. चाचा आमचे सगळ्यात जुने कारागीर, शाळेत फारसे न गेलेले. म्हणाले, "भाऊ, डब्याले झाकन असते. मंग याले काहून नाई?"

झालं! खाली बोल्टचं झाकण. पाणी सोडा, झाकण काढा, खरडा, परत लावा. मोठमोठ्या इंजिनिअरांना सुचलं नव्हतं ते या माणसाला डब्याकडे बघून सुचलं. मला तर त्या दिवशी चाचांच्या पाया पडावंसं वाटलं.

* * *

नवं मॉडेल आलं की पहिली आंघोळ भाऊंची, हा आमचा नियम. एकदा हे नेमकं मे महिन्यात आलं. बाहेर डांबर वितळतंय आणि भाऊ आत कढत पाणी घेतायत! आम्ही सगळे दाराबाहेर उभे.

चाचांनी विचारलं, "भाऊ, कसं हाय?"

आतून आवाज आला, "लय भारी! आता मले विहिरीत टाका!"

* * *

धामणगावच्या एका लॉजमालकाचा फोन आला. गीझर कडकड वाजून राहिला म्हणे. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "टाकीजवळ धरा."

डोळे मिटून ऐकलं. "झाकन कधी उघडलं होतं?"

"दिवाळीत चाचा, देवाशप्पथ!"

"या दिवाळीत नाई. त्याच्या आंधीच्या दिवाळीत."

तिकडून हळूच प्रश्न आला, "चाचा, तुमी इथं कोनाले इचारलं?"

मी त्या टेबलावर इतकी वर्षं आहे, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

* * *

आणि मग तो सहीचा दिवस. पाहुणे तिघं, कोटातले. कागद मांडलेले, भाऊंच्या हातात पेन. झाकण काढून टाकायचं, टाकी सीलबंद करायची, खर्च वाचेल, असं सगळं ठरलेलं. भाऊ ऐकत होते. पिढ्या बदलतात, पोरांच्या नोकऱ्या टिकतील, असं आदल्या दिवशी तेच आम्हाला समजावत होते.

"शोभा," ते मला म्हणाले, "या पाहुन्यायचं नवीन वॉरंटी कार्ड वाच जरा मोठ्यानं."

मी वाचलं. पाच वर्षं. खाली बारीक अक्षरात : 'खाऱ्या पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही.'

"अजून एक डाव वाच."

मी वाचलं. चाचा दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. भाऊंनी पेनाला टोपण लावलं. बाळापूरहून आणलेली विहिरीच्या पाण्याची कॅन उघडायला लावली, तीन ग्लास भरायला लावले आणि स्वतःच्या हातानं पाहुण्यांपुढे ठेवले.

मोठ्या साहेबांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं. "सर, हे पाणी..."

"घ्या ना," भाऊ म्हणाले. "आमी जन्मभर पेलो. आमची त वॉरंटीबी नव्हती!"