सोनिवलीची रिकामी सम

चहा आधी पिऊन घ्या. हा किस्सा ऐकताना सुरुवातीला तुम्ही हसाल आणि मग कप तसाच राहील. गाढवपणा माझ्या हातून पुष्कळ झालाय, पण पन्नास-बावन्नच्या सुमारास सोनिवलीत झाला तसा पुन्हा नाही.

मी तेव्हा अंबरनाथला कारखान्यात कारकून. गाण्याचा कान असलेला माणूस, म्हणजे असं मीच सगळ्यांना सांगायचो. गवई कुणीही असो, समेवर माझी मान त्याच्याआधी हलायची.

शेजारच्या टेबलावर काशिनाथ, सोनिवलीचा. त्याचे वडील वारले. दहाव्याला मी गेलो, तर वेशीवरच तो म्हणाला, "भाऊसाहेब, दुपारी आमच्यात खारगाणं असतं. वाडवडील मिठागरातले ना, तवापासूनचं. त्याचा एक नियम हाय..."

"काशिनाथ, गाण्यातले नियम तू मला सांगणार?"

बिचाऱ्याने वाक्य अर्धंच सोडलं आणि मला अंगणात नेलं. घोडं इथेच पेंड खातं बघा.

अंगणात म्हातारे बसले होते. मीठ ओढायच्या जुन्या फळीवर तार ताणलेली, ती एकजण छेडत होता. दुसऱ्याच्या हातात बांबूच्या चिपा. मधोमध मातीचा घडा, आत मूठभर मीठ. त्याच्यामागे मात्र कुणीच नव्हतं. मी जाणकार, म्हणून अगदी घड्याला खेटून बसलो.

गाणं सुरू झालं. संथ, जीव कासावीस करणारं, पण लय पक्की. आणि सम आली की सगळे चिडीचूप. पुन्हा आवर्तन, पुन्हा सम गायब.

आता मला सांगा, आमटीत मीठ नसलं तर माणूस किती वेळ गप्प बसेल? मी खाकरलो. मग शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानाशी लागलो, "सम राहतेय तुमची." त्याने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, शरमला.

इतक्यात एक तिशीचा माणूस आत आला आणि घड्यासमोर बसला. हात उचलला. सम आली, हात तसाच वर. पुन्हा आली, हात वरच. दारात काशिनाथची आई तोंडाला पदर लावून उभी. सगळ्यांचे डोळे त्या हाताकडे.

मी ताडलं, याला सम सापडत नाहीये. मला मास्तरकीची हुक्की आली. पुढच्या आवर्तनाला "हां, ही घ्या" म्हणत मी घड्यावर थाप मारली.

आतलं मीठ खळकन वाजलं. गाणं थांबलं. मी मान डोलवत चौफेर पाहिलं, तर दाद द्यायला कुणीच नाही.

काशिनाथ जवळ येऊन बसला. "भाऊसाहेब, घडा बाबांचा. समेची ती मात्रा बाबांची. त्यांची जागा घेणाऱ्यानंच ती भरायची, तवर रिकामी ठेवायची. हा माझा मोठा भाऊ. बाबांशी भांडून उल्हासनगरला सिंधी शेठकडं राहतो. आज पहिल्यांदा घरी आयलाय."

मी घड्यापासून मागे सरकलो. "मग पुन्हा सुरू करा की. माझी थाप धरू नका."

"एकदा भरली ती भरली," तारेवरचा म्हातारा म्हणाला. "माणूस काय दुसऱ्यांदा मरतो?"

मोठ्या भावाने हात खाली घेतला, लेंग्याला पुसला. "बरं झालं," तो म्हणाला. "बाबांच्या मनातच नसंल."

"आरं, जेवून तरी जा," आई त्याच्यामागे फाटकापर्यंत धावली. त्याने वळून पाहिलं नाही.

बराच वेळ ती फाटकाला धरून उभी होती. मग आत आली आणि मात्रा भरणाऱ्याचं, वारसाचं पान माझ्यापुढे मांडलं. "जेवा," ती म्हणाली, "नियम हाय." राग नव्हता हो आवाजात, तेच सोसवेना.

निघताना मी चपला शोधत होतो. चिपावाला म्हातारा काठी टेकत आला.

"हात चांगला हाय तुमचा," तो म्हणाला. "अगदी जागेवर पडला. जरा मागंपुढं झाला असता, तर आमी धरला नसता."

गाण्यात मला मिळालेली ती पहिली दाद. दुसरी अजून मिळालेली नाही.