विजेच्या गाडीला आहेर

आमची विजेची गाडी परत करायला निघालो आणि वाटेत तिला गुळानं गाठलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुपवाडच्या एका कारखानदारांनी, अण्णांनी, पंप बनवता बनवता बॅटरीवर चालणारी चिमुकली मोटार बनवली आणि वर्षभरासाठी भाडेकरारानं अप्पांना, म्हणजे माझ्या डॉक्टर वडिलांना दिली. साताऱ्यात अप्पा तिच्यातून रोगी बघायला जात. मी तिच्या काचांवर ‘धूर हटवा’ची पत्रकं चिकटवी. (दिसेल त्या उभ्या गोष्टीवर मी पत्रक चिकटवत असे. त्यात एकदा एक म्हैसही आली.)

वर्ष संपलं. अण्णांचा फोन आला, “गाडी स्वतःच्या जोरावर आमच्या फाटकातून आत आली, तर अजून एक वर्ष ठेवा. ओढत आणली, तर मी आपला पंपच बनवणार.”

मी पेटलो! गाडी धुराशिवाय जाणार आणि वाटेत गावोगाव माझी पत्रकं वाटत जाणार! ती मी गुपचूप सीटखाली भरली.

एका चार्जिंगमध्ये गाडी कराडपर्यंत जाई. कराडला मावशी, पुढे इस्लामपूरला आत्या. दोघींकडं पिन लावायची, असं ठरवून आई, अप्पा आणि मी निघालो.

मावशीकडं पिन लावली. चार्जिंगला अर्धा दिवस. अर्धा दिवस पाहुणा घरात म्हणजे पुरणपोळी आली, आणि निघताना आईची ओटी. ओटीबरोबर गुळाच्या दोन ढेपा.

“मावशी, आहेर ही गुलामगिरी आहे,” मी म्हणालो. (यावरही माझं पत्रक होतं.)

“आसंल रं. तिकडनं धर जरा ढेप.”

ढेपांनी गाडी जड झाली. जड झाली म्हणून इस्लामपूरच्या बऱ्याच अलीकडं बसली. ढकलत एका वस्तीवर नेली, तर तिथं अप्पांचा जुना रोगी निघाला.

“डाक्टर, तुमी? आवं, बसा की!”

पिन लावली. जेवण झालं. निघताना शेंगांचं पोतं!

म्हणजे चार्जिंगसाठी थांबायचं, थांबलं की जेवायचं, जेवलं की आहेर घ्यायचा, आणि त्या आहेरानं चार्जिंग संपवायचं! (शिवाय प्रत्येक पंगतीनंतर आम्ही तिघेही वाढत होतो.) इस्लामपूरला आत्यानं हळदीचं पोतं काढलं, तेव्हा अप्पासुद्धा हात जोडून म्हणाले, “ताई, गाडी चालणार नाही गं.”

“गाडी तर परतच करायचीय न्हवं? मग तिची कशाला एवढी काळजी?”

अप्पांनी जोडलेले हात सोडून पोत्याला लावले. पोतं चढलं.

शेवटी कुपवाड आलं. फाटक दिसलं, फाटकात कामगारांसह उभे अण्णा दिसले, आणि मधल्या छोट्याशा चढावर गाडी थांबली.

“ओढायची का?” अण्णांनी विचारलं.

“हात लावू नका!” मी ओरडलो.

गूळ उतरवला. शेंगा उतरवल्या. हळद उतरवली. आई उतरली. गाडी जागची हलेना.

“आता तू उतर,” अप्पा म्हणाले.

मी उतरलो. गाडी बोटभर सरकली आणि पुन्हा थांबली. आईनं वाकून आत पाहिलं.

“सीटखाली काय आहे रे?”

“पत्रकं.”

“वाटायची होतीस ना?”

“प्रत्येक ठिकाणी जेवत होतो.”

“काढ.”

गठ्ठे निघाले, निघतच राहिले. शेवटचा निघाला तशी गाडी गुणगुणत चढ चढली आणि फाटकातून आत गेली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी शब्द पाळला. गाडी आणखी वर्षभर आमची!

दुसऱ्या दिवशी परत निघालो. अप्पांनी चढाचा अनुभव लक्षात घेऊन हिशेब मांडला : एक तर गूळ-शेंगा-हळद, नाहीतर मी आणि माझी पत्रकं.

आईनं विचारसुद्धा केला नाही. गूळ विजेच्या गाडीतून साताऱ्याला गेला. मी ‘धूर हटवा’चे गठ्ठे मांडीवर घेऊन एसटीनं गेलो.