मयताच्या अंगठ्यावरची शाई

मी कधीही न पाहिलेला एक अंगठा निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा हरिहरेश्वरच्या बाजूला, किनाऱ्यावरचं एक ठाणं माझ्याकडे होतं. शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्या सोडवण्यात जायचे आणि सोमवारी माणसं जमिनीची भांडणं घेऊन यायची. समुद्रालगतच्या वाड्यांना भाव आल्यापासून बाप गेला की आधी रडारड आणि लगेच सातबारा, असा क्रमच पडला होता. यात हिंदू, मुसलमान, बौद्ध असा भेद मी पाहिला नाही. हाव सगळ्यांच्या घरी सारखीच जेवते.

अशाच एका सोमवारी पन्नाशीची एक बाई आली. नवऱ्यामागे माहेरी परतलेली, अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सात वर्षं सगळं काढलेली. बापाचा चाळिसावा झाल्यावर ती वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडे गेली, तर भावाने आधीच हिबानामा, म्हणजे बक्षीसपत्र, दाखल केलेलं. घर आणि नारळ-सुपारीची वाडी बापाने आठ महिन्यांपूर्वी, हयातीतच, मुलाला दिली असं त्यात लिहिलं होतं. खाली बापाचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. शरियतप्रमाणे तिचा तिसरा हिस्सा होता, तो त्या कागदाने पुसला गेला. भावाने महिन्याभरात घर रिकामं करायला सांगितलं होतं.

"साहेब, अब्बांनी असं केलंच न्हाय. मी त्यांच्या उशाशी होते. कागद घेऊन कोण आलेलंच न्हाय."

अर्ज पुरता न वाचताच मी म्हणालो, "बाई, हे दिवाणी प्रकरण आहे. कोर्टात जा." हे वाक्य पोलिसाच्या जिभेवर कायम तयार असतं. त्याने टेबल लवकर मोकळं होतं.

ती आणखी तीनदा आली. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून मी अर्ज चौकशीवर घेतला. हिबानाम्यावरचा अंगठा आणि एका जुन्या नोंदणीकृत दस्तावरचा बापाचा अंगठा तज्ज्ञांकडे पाठवला. अहवाल आला, अंगठा बापाचाच. मी तिला बोलावून ते सांगितलं, तेही जरा चढ्या आवाजात. बाहेर जाताना चप्पल घालायला तिला दोनदा पाय उचलावा लागला.

मी अर्ज निकाली काढणार, तेवढ्यात आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, गावात मयताला गुस्ल, म्हंजे शेवटची आंघोळ, देणारे एक चाचा हायत. त्या घराचा विषय निघाला की चहा टाकून उठतात."

ज्याला काही माहीत नसतं तो तासभर बोलतो. ज्याला माहीत असतं तो उठून जातो. मी साध्या कपड्यांत चाचांकडे गेलो. आयुष्य जहाजावर काढलेला पंच्याहत्तरीचा माणूस. सरळच सांगितलं त्यांनी, "मयताला न्हाऊ घालताना जे दिसतं ते कुणाला सांगायचं न्हाय, साहेब. अमानत हाय ती."

"मयताचा ऐब झाकायचा, चाचा. जित्या माणसाचा गुन्हासुद्धा झाकायचा का?"

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "डाव्या अंगठ्याला जांभळी शाई होती. अंगावर काय ऱ्हायलं नि पाणी पोचलं न्हाय, तर गुस्ल पुरा होत न्हाय. साबणानं घासला, लिंबू चोळला. तरी नखाच्या कडेला ऱ्हायलीच."

आठ महिन्यांपूर्वीच्या अंगठ्याची शाई मयताच्या बोटावर कुठून येणार? मरणाच्या दारातलं बक्षीसपत्र कोर्टात टिकणं अवघड, म्हणून जुना स्टॅम्प पेपर मिळवून तारीख मागची टाकली होती.

दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. पहिल्याला दोन तास काहीच विचारलं नाही. तारीख, जागा, कोण कुठे बसलं होतं, सगळं तो पाठ करून आला होता. मग मी एकच विचारलं, "शाईचं पॅड कुणी आणलं होतं?"

"भाईच्या खिशात..." म्हणाला आणि थांबला. पुढे त्याला घाम पुसायला रुमाल मीच दिला. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब नोंदवून त्याला माफीचा साक्षीदार केला.

भावाला अटक झाली आणि काही दिवसांत जामीनही मिळाला. पुढे फेरफार रद्द झाला, बहिणीचं नाव लागलं. चाचांनी मात्र त्यानंतर कुणालाही गुस्ल दिला नाही. सांगायला नको होतं, एवढंच म्हणायचे. त्यांच्यासमोर मला माझीच लाज वाटायची.

नाव लागल्यावर ती ठाण्यात आली. वाटलं, आभार मानायला आली असेल. तिने विचारलं, "साहेब, अंगठा घेतला तेव्हा अब्बा जिवंत होते की गेले होते?"

साक्षीदाराचा जबाब माझ्या कपाटात होता. मी म्हणालो, "गेल्यावर घेतला." ती मान हलवून गेली.

तपास पुरा झाला की सत्याने माणसाचं भलंच होतं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. निवृत्तीनंतर साक्षीसाठी कोर्टात गेलो, त्या दिवशी ते डोक्यातून गेलं. माझी साक्ष आधीच झाली होती, म्हणून मी मागे बसून होतो. ती पुढच्या बाकावर होती. माफीचा साक्षीदार बोलत होता. शेवटच्या दिवशी भाई आम्हाला आजाऱ्याला भेटायला म्हणून घेऊन गेला. बहिणीला चहा करायला पाठवलं. म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं, पण सगळं कळत होतं. त्याने मूठ आवळली. भाईने एकेक बोट सोडवलं. अंगठा घेऊन हात चादरीखाली सारला. संध्याकाळी म्हातारा गेला.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर उभी राहिली. मी खोटं बोललो होतो, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

"चहा घेऊन मी दारात आलेले, साहेब," ती म्हणाली. "भाई बोलला, साखर कमी हाय. मी परत आत गेले."