बंद साच्यांचा संप

पोलंडमधल्या वूच शहरातल्या कापड गिरणीत बोगुमिलानं सव्वीस वर्षं विणायचे साचे चालवले. तोंडानं फटकळ, पण शब्दाची पक्की बाई. ऐंशी साली तिच्या विणकाम खात्यानं संप करून साचे थांबवले, तेव्हा वॉर्सातून मंत्री धावत आला होता. फाटकावर मेरीमातेची तसबीर, गजांतून आत सरकणारी पावरोटी, सुपाचे डबे. सगळा गाव दारात उभा होता.

पुढं कम्युनिस्ट गेले. नव्या सरकारनं सुधारणा आणल्या, तेव्हा बोगुमिलाच खात्याखात्यातून फिरली. "दोन वर्षं कळ काढा गं. मग आपलं कापड जगभर जाईल." राजधानीतले शहाणे लिहितात, सुधारणांना जनतेचा भरघोस पाठिंबा होता. होता ना! तिच्या शब्दावर वर गेलेले हात, तोच तो पाठिंबा.

एक्क्याण्णव साली रशियाची मागणी थांबली आणि शरदात फलक लागला: विणकाम खातं बंद, चारशे बायका घरी.

"काय गं पुढारीण," शेजारच्या साच्यावरची गेनोवेफा म्हणाली, "गेलं का कापड जगभर?"

"गोदामापर्यंत तरी गेलंय," मागून कुणीतरी खिदळलं.

बोगुमिला पेटली. "थांबवा साचे! बघू कसं खातं मोडतात!"

तिला ठाऊक असलेलं हत्यार ते एकच. भोंगा वाजला, तीच जुनी तसबीर फाटकावर चढली, बायका ताग्यांवर ठिय्या देऊन बसल्या.

दोन दिवस कुणी फिरकलं नाही. पोलीस नाहीत, मंत्री नाही, पावरोटी नाही. गजांपलीकडून एक म्हातारा तेवढा ओरडून गेला, "अहो बाई, सुधारणा तुम्हालाच हव्या होत्या ना?"

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापक वित्चाक आला. दाढी वाढलेली. "बाई, गोदाम छतापर्यंत भरलंय. तुम्ही साचे थांबवलेत, वीज तरी वाचली."

"मग करतो आम्ही चालू!"

"कुणासाठी?"

त्याला शिव्या घालाव्यात, तर महिनाअखेर तोही घरीच बसणार होता. सरकारला घालाव्यात, तर त्याच्या सुधारणा हिनंच खात्याखात्यातून फिरून गळी उतरवलेल्या.

बायका पिशव्या उचलू लागल्या. गेनोवेफानं हळूच विचारलं, "संप मागे घेतला, हे कळवायचं कुणाला?"

बोगुमिला कार्यालयात जाऊन आली. कुलूप होतं.

ती आपल्या साच्यापाशी गेली. ताण्यातला एक उभा धागा तुटला होता. सवयीनं तिची बोटं पुढं झाली आणि त्यांनी गाठ मारलीसुद्धा.