सांगकाम्या नबी

गुलाम नबीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाळी सहाची, घर खाणीपासून हाकेच्या अंतरावर, तरी चारला. मी पाचला उठायचो आणि त्याच्याबरोबरच खाणीच्या तोंडाशी पोचायचो. मग त्याचा तो एक तास जायचा कुठे? त्याची बायको सुग्राबी सांगायची, "चाय पिऊन, डबा घेऊन दाराशी बसून राह्यते. भोंगा वाजेपर्यंत हालत नाही."

भोंगा वाजल्याशिवाय निघायचं नाही हा त्याचा नियम होता. तसा नियम कुणी केलेला नव्हता.

राजूरच्या कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. आम्ही एकाच खाणीत लागलो आणि मागेपुढे निवृत्त झालो. मी टिंबरमन, म्हणजे खाणीच्या छताला लाकडी टेकू देणारा. तो हॉलेज चालवायचा. हॉलेज म्हणजे पोलादी दोराने कोळशाचे डबे वर ओढणारं इंजिन. डबे खाली उतारावर अंधारात असतात आणि चालवणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्याला फक्त घंटी ऐकू येते. आमच्या खाणीत एक वाजली की थांब, दोन वाजल्या की सोड, तीन वाजल्या की ओढ. एवढ्यावर नबीने आयुष्य काढलं.

माझं काम तसं नव्हतं. टेकू कुठे लावायचा हे सांगायला कुणी नसतं. सळईने छताला ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर टेकू लावायचा. त्यात चूक झाली तर ती सांगायला माणूस उरत नाही. हे काम अंगात यायला वर्षं लागतात. घंटी ऐकायला काय लागतं?

एकदा घंटीची तार तुटली. खाली भरलेले डबे उभे होते. सरदार, म्हणजे आमचा मुकादम, खालून धावत वर आला आणि ओरडला, "अबे नबी, ओढ! सारं तयार आहे." नबी गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला.

"घंटी?"

"मी सांगून राह्यलो ना!"

"तुम्ही घंटी नाही, सरदार."

तार जोडेपर्यंत तो हलला नाही. त्याची समजूत घालायला मला वर बोलावलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हा नबी नाही, सांगकाम्या आहे." नाव चिकटलं. त्याला राग आला नाही. उलट सुग्राबीला जाऊन सांगितलं, आणि तीही हसली. त्याच्या हॉलेजवर डबा कधी सुटला नाही हे खरं आहे. दोर चांगला होता, हेही खरं आहे.

त्याला एकच मुलगी, अतिया. खाणीचा पगार सारा तिच्या शिक्षणात गेला. ती इंजिनिअर झाली आणि आता इथल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. उमरखेड, पुसदकडून आलेली पोरं असतात. मोबाईल सगळ्यांकडे, पण कंप्युटरला काम कसं सांगायचं ते एकालाही माहीत नसतं. पहिले काही दिवस ती त्यांना कंप्युटरला हातही लावू देत नाही. आधी कागदावर लिहायला लावते. एखादं काम कसं करायचं, ते दुसऱ्याला न विचारता करता येईल असं लिहा, असं सांगते.

पहिल्यांदा हा वर्ग घ्यायचा होता तेव्हा ती माझ्याकडे आली होती. बापाकडे नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

"देवराव चाचा, पोरं लिहितील तसं वर्गात करून दाखवायला माणूस पाह्यजे. तुमचा हात चलाख आहे."

काम होतं कुलर सुरू करायचं. मेन स्विच तिने आपल्या हाताशी ठेवला. एका मुलाचा कागद तिने वाचायला घेतला, "टाकीत पाणी टाका." मी बादली उचलली, नळाखाली भरली, ताटी, म्हणजे कुलरच्या बाजूची गवताची जाळी, सरकवली आणि टाकीत ओतली. बोटभर जागा ठेवून थांबलो. पंपाची नळी निसटली होती ती बसवली. पाय कोरडे केले. कुलर पहिल्याच झटक्याला चालू झाला आणि थंड हवा आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अतियाने वाजवल्या नाहीत. "चाचा, तुम्ही सारं बरोबर केलं," ती म्हणाली. तोंड मात्र उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बापाला नेलं. मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. "टाकीत पाणी टाका." नबी कुलरसमोर हात लोंबते ठेवून उभा राहिला.

"काका, बादली घ्या ना!" एक पोरगी म्हणाली.

"लिहिलं काय?"

त्यांनी लिहिलं. त्याने बादली घेतली आणि रिकामीच टाकीवर पालथी केली. वर्ग हसून लोटपोट झाला. त्यांनी नळ लिहिला. त्याने बादली भरली, ताटी बंद होती, तिच्यावरच ओतली. पाणी बाकांखाली गेलं, पोरींनी पाय वर घेतले. नबीचा चेहरा हॉलेजवर असायचा तसाच, म्हणजे दगड. मुलं कागदावर तुटून पडली. खोडत होती, भांडत होती, पुन्हा लिहीत होती. अतिया त्यांना म्हणाली, "कंप्युटर माझ्या अब्बांसारखा आहे. सांगाल तेवढंच करतो. तुमच्या मनात काय होतं ते तो विचारत नाही."

अशा रीतीने न केलेल्या कामाबद्दल माणसाला मान मिळू लागला. दरवर्षी नवा वर्ग आला की नबी इस्त्रीचा सदरा घालून कॉलेजात जातो. पोरं त्याच्याबरोबर फोटो काढतात. बाजारात "कंप्युटर चाचा" म्हणून हाका मारतात. कॉलेज त्याला थोडं मानधनही देतं. मला एक चहा मिळाला होता.

माझी बायको इंदूबाई म्हणाली, "तुमाले कायची आग लागली? तो मूर्ख बनते, अन् तुमाले शहाणं बनायचं असते. ज्याचं त्याले मिळालं."

"मूर्ख बनायचे पैसे देतेत?"

"मंग तुमी काहून नाही बनत?"

मी बाहेर जाऊन बसलो.

यंदा माझी नात मैत्रेयी त्याच वर्गात गेली. रोशनची, माझ्या मुलाची थोरली. लहानपणी ती माझ्याबरोबर भिंतीला सळईने ठोकून आवाज ऐकायची. "आबा, हे पोकळ आहे," म्हणायची आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. तिच्यासमोर नबीने उभं राहायचं आणि मी घरी बसून ऐकायचं, हे मला मान्य नव्हतं. मी अतियाला गाठलं.

"यावर्षी मले उभं कर. मी बी सांगकाम्या होऊ शकतो."

"चाचा, ते सोपं नाही."

"कोळशाच्या छताखाली उभा राह्यलो मी. तुझ्या वर्गात नाही जमणार?"

तिने बापाकडे पाहिलं. नबी म्हणाला, "करू दे देवरावभाऊला. मी बसतो बाजूला." एवढं सहज देऊन टाकलं, तेही मला आवडलं नाही.

भाद्रपदाचं ऊन होतं, कुलर अजून वर्गातच होता. अतियाने मुलांचे कागद गोळा केले आणि वरचा घेतला. तो मैत्रेयीचा निघाला. तिने चांगला लिहिला होता. बादली होती, नळ होता, ताटी सरकवायची होती. मी एकेक वाक्य ऐकलं आणि तेवढंच केलं. कुठे हात चुळबुळला तर मुठीत धरला. मग अतियाने वाचलं, "बादलीने टाकीत पाणी टाका. पुन्हा भरा, पुन्हा टाका."

टाकलं. पुन्हा टाकलं. पाणी काठाशी आलं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं, ओतत राहायचं. सगळा वर्ग वाट पाहत होता. मैत्रेयी पहिल्या बाकावर होती. काठाला बोटभर जागा राहिली आणि माझी बादली सरळ झाली. मी केली नाही, झाली.

"चाचा, थांबलात?" अतियाने विचारलं.

"भरली ना टाकी."

"कागदात थांबा कुठं लिहिलंय?"

मागून एक पोरगा ओरडला, "मॅडम, हा घरचा कंप्युटर आहे! आजोबा पास, नात नापास!" वर्गात हशा पिकला. मैत्रेयी कागदाकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आबा, कायले थांबले तुमी? सांडू द्यायचं होतं. माझी चूक मले दिसली असती."

"सांडलं असतं तर तुले हसले असते."

"आता नाही हसले का?"

नबी मागून येत होता. ती वळून त्याला म्हणाली, "नबीचाचा, मी पुन्हा लिहिते. सांजच्याला तुमच्या घरी येऊ? करून दाखवसान?"

"आ ना बेटा. सांगशील तेवढं करीन."

माझ्यासमोर विचारलं आणि माझ्यासमोरच ठरलं.  जेवण झाल्यावर मैत्रेयी पुन्हा लिहायला बसली. संध्याकाळी कागद आणि पेन घेऊन भिंतीपलीकडे गेली.

मला पलीकडचा आवाज येत होता. पाणी ओतल्याचा, मग सुग्राबीचं, "या अल्ला, माझं आंगण!" मग मैत्रेयीचं हसणं. तिचं ते हसणं सळईच्या खेळातलं होतं. मी ओळखलं.

"जाऊन घेऊन या तिले," इंदूबाई म्हणाली. "नाही तर भिंतीले कान लावून छत पडेल म्हणून बसान."

मी गेलो. नबीच्या फाटकाशी पोचलो आणि तिथेच थांबलो. त्यांचा घरचा कुलर आंगणात स्टुलावर ठेवला होता, ताटी काढलेली, टाकी माझ्या समोर. नबी ओतत होता. मैत्रेयी पायरीवर बसून त्याच्याशी वाद घालत होती.

"चाचा, मी लिहिलं ना, भरली की थांबा."

"बेटा, मी बादलीकडे पाह्यतो का टाकीकडे? भरली हे मले कोण सांगते? दोन कामं एकदम लिहिली तू."

"मंग काय लिहू?"

"ते मले नाही माहीत. पुढचं वाच."

ती विचार करत खाली बघू लागली. नबीने दुसरी बादली उचलली आणि ओतायला लागला. पाणी चढत होतं. चार बोटं राहिली, मग दोन. त्याची नजर समोर होती, हॉलेजवर असायची तशी. मी हाक मारणार होतो. पण हाकेने तो थांबणारा नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? फाटकाच्या खांबावर पांढरं बटण होतं, नवंच बसवलेलं. आजवर मी कडी वाजवायचो. बोटभर जागा राहिली आणि मी बटण दाबलं. एकदा.

आत घंटी वाजली आणि नबीची बादली जागच्या जागी सरळ झाली. एक थेंब पडला नाही. तो वळलासुद्धा नाही. पुढची घंटी येईपर्यंत बादली धरून तसाच उभा राहिला.

मैत्रेयीने मान वर केली. टाकी पाहिली, मग फाटक पाहिलं.

"आबा, तुमी वाजवली?"

"मग कोण?"

"कधी वाजवायची ते कसं कळलं?"

"पाह्यलं ना. बोटभर ठेवायची असते."

तिने कागद उलटा केला. मग भराभर लिहू लागली, आणि लिहितानाच बोलत होती. "एक माणूस ओतेल. दुसरा फक्त टाकीकडे पाहील. काठाखाली एक बोट राह्यलं की तो एक घंटी देईल. घंटी झाली की ओतणारा थांबेल." तिने कागद नबीला दाखवला. तो बादली न सोडता म्हणाला, "हे बरोबर आहे. खाणीत असंच होतं."

"उद्या दोघं या वर्गात," ती म्हणाली. "चाचा ओततील. आबा, तुमी पाहा."

नबी अजून बादली धरूनच उभा होता. ती अर्धी भरलेली होती, वजन होतं. मी मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला. मग दोनदा बटण दाबलं. त्याने बादली खाली सोडली.

"भाऊजी, आत या," सुग्राबी म्हणाली. "पाह्यली का आमची घंटी? काढून कुठंही नेता येते, सेलवर चालते. पोरं येत राह्यतेत, कडी यांना ऐकू येत नाही. घंटी बरोबर ऐकू येते."

"कितीची?"

"यांच्या कॉलेजच्या पैशाची. इतकी वर्षं डब्यात टाकत होते. मी म्हटलं चांगलं घड्याळ घ्या, सूट शिवा. हे म्हणाले, घंटीच पाह्यजे."

मी खांबावरचं बटण नीट पाहिलं. दोन स्क्रूंवर बसवलं होतं, एक थोडा तिरका. उद्या ते काढून वर्गात न्यायचं होतं. नबीच्या साऱ्या उभं राहण्याच्या कमाईतून एवढीच वस्तू आली. घेतली त्याने. पण वाजवणार मी.