सातच्या बातम्यांतले ओठ

पुष्पलताबाई शाळेत असतानाच विषमज्वरानं त्यांचे कान नेले. तेव्हापासून त्या माणसांचे ओठ वाचत. महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण समोर बसून, तोंड नीट दिसेल असं सावकाश बोलायचा तो एकटा प्रीतम केबलवाला. त्यानं धंदा सुरू केला तेव्हा वायर ओढायला कुणी छतावर पाय ठेवू देईना, बाईंनी दिला. तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर जीव.

त्यांना टीव्ही लागायचा तो संध्याकाळी सातला. शहराच्या चॅनलवर गुंजन नावाची मुलगी बातम्या द्यायची. तिचा शब्द न् शब्द ओठांवर दिसे. उद्या कुठं नळ येणार नाही, कोणता रस्ता खोदलाय, हे बाई मग शेजारणींना सांगत. ऐकू येणाऱ्यांना आपण बातमी देतो, याचं त्यांना भारी समाधान.

मग केबल डिजिटल करायचा सरकारी हुकूम निघाला आणि घरोघर टीव्हीला सेट-टॉप बॉक्सचे खोके लागले. पहिल्याच संध्याकाळी गुंजनच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. ओठ मध्येच थिजत, सुटत तोवर बातमी पुढं गेलेली असे.

"खोका बराबर आहे ताई," प्रीतम समोर बसून म्हणाला. "तुमचा टीव्हीच जुना होऊन गेला. नवा घ्या."

बाईंनी नवा घेतला. चौकोन तसेच. "सिस्टीम नवी आहे, सेट व्हायले टाइम लागते," तो म्हणाला. बाईंनी तेही मानलं. उलट आपलीच नजर गेली असेल म्हणून चष्मा बदलून आणला.

पुढं प्रीतमच्या मुलीचं बारसं झालं. बाई स्वतः शिवलेलं झबलं घेऊन गेल्या. बैठकीत टीव्ही चालू होता, चित्र अगदी लख्ख. आता आपल्याकडेही असंच दिसेल, म्हणून त्यांना बरंच वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात प्रीतम बायकोशी बोलताना दिसला. आवाज त्यानं खालीच आणला असणार.

"टीव्ही बंद कर पिंकी, ताई आल्या. आपण घरी दुसऱ्या कंपनीची डिशची छत्री लावली, हे त्यायले कळू देऊ नको. गल्लीतली वायरच सडली आहे. बदलत बसलो तर मेलोच."

बाईंनी झबलं पाळण्यात ठेवलं आणि त्या उठल्या. प्रीतम लगबगीनं दारापर्यंत आला.

"बाकीच्यायले काही सांगितलं असशील गा," त्या म्हणाल्या. "मले तू समोर बसून, सावकाश खोटं सांगितलं. नीट समजावं म्हणून."

वायरीचं त्यांनी त्याच दिवशी गल्लीत सांगून टाकलं. लोक प्रीतमच्या दारात जाऊन उभे राहिले, तेव्हा कुठं नवी वायर आली. गुंजन पुन्हा स्वच्छ दिसू लागली. बाई बातम्या बघतात, पण ओठांवर दिसलं ते खरंच असेल असं धरून शेजारणींना सांगायला पूर्वीसारख्या जात नाहीत.

प्रीतम एकदा आला होता. बाईंनी चहा दिला. तो समोर बसून बराच वेळ बोलत होता. बाई खाली, फरशीकडे बघत राहिल्या. त्याला काय म्हणायचं होतं, ते त्यांना आजही ठाऊक नाही.